साडेसातची रेघ

वजने आणि मापे तपासणारा माणूस बाजारात कोणालाच फारसा आवडत नाही, आणि हे या गृहस्थाला चांगले ठाऊक होते. तो पेठेच्या एका टोकाला शिरला की त्याची बातमी दुसऱ्या टोकाला आधीच पोचलेली असे. हातात पत्र्याची पेटी, पेटीत मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी प्रमाणवजने, वरच्या खिशात चिमटा आणि भिंग. वजन हाताने उचलायचे नाही, कारण बोटांचा घाम धातूला लागतो आणि घामालाही वजन असते, हा नियम तो बावीस वर्षांच्या नोकरीत एकदाही विसरला नव्हता. दुकानदार त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की मिलिग्रॅम.

"साहेब," खिळे आणि बिजागऱ्या विकणारा एक दुकानदार त्याला एकदा म्हणाला, "तुमच्या घरी चहात साखर घालायची तरी तपासणीचा शिक्का लागत असेल."

"साखरेला नाही लागत," तो म्हणाला. "चमच्याला लागतो."

दुकानदार मनापासून हसला. हसून होईपर्यंत मिलिग्रॅमने त्याचे दोन किलोचे लोखंडी वजन उलटे करून, वजन नेमके भरावे म्हणून बुडाशी ओतलेले शिसे पाहिले होते आणि वजन बाजूला काढले होते. शिसे कोरून काढलेले होते. फार नाही, पंधरा-वीस ग्रॅम.

पंधरा-वीस ग्रॅमबद्दल त्याचे एक मत होते. मोठी चोरी उघड्यावर येते, तिच्यावर लोक ओरडतात, तिला न्याय मिळण्याची निदान शक्यता तरी असते. लहान चोरी मापात शिरून बसते आणि मापावर तर सगळ्यांचा विश्वास. जो माणूस घासाघीस करू शकत नाही, ज्याला दुसऱ्या दुकानापर्यंत चालत जाण्याची सवड नाही, त्याच्याच पिशवीतून ती रोज थोडी थोडी होत राहते. माप खरे ठेवणे ही म्हणूनच दुर्बळांच्या बाजूने करायची गोष्ट आहे, असे तो मानत असे. हे मत चुकीचे नव्हते. त्याच्या हातून पुढे जी चूक झाली ती याच मताच्या पोटातून आली.

घरी तीन माणसे. त्याची बायको राहत्या घराच्या पुढच्या खोलीत कपडे बेतून द्यायची, उसवायची, सैल-घट्ट करायची. तिच्या गळ्यात टेप असे, पण गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिच्या डोळ्यांनी कंबर, खांदा आणि उंची मोजून ठेवलेली असे. नवऱ्याला हे कधी पटले नाही. तो तिला म्हणे, "अगं, टेप आहे ना गळ्यात?" ती म्हणे, "आहे की. गिऱ्हाइकाला बरं वाटतं." तिसरी त्यांची नऊ वर्षांची मुलगी, जिने दोन वर्षांची असताना शर्टाचे एक बटण गिळले होते आणि जिला तेव्हापासून सगळे बटण म्हणत.

बटणला पहिली फिट सातव्या वर्षी आली. ती आईच्या यंत्राशेजारी बसून रंगीत दोऱ्यांची रिळे उंचीप्रमाणे लावत होती आणि अखंड बोलत होती. वाक्य अर्ध्यावर तुटले. आईने मान वर केली तेव्हा मुलीची मान एका बाजूला ओढली गेली होती, डोळे वर गेले होते आणि पुढच्या क्षणी सगळे अंग आकडून झटके देऊ लागले होते. अडीच मिनिटे. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीनदा.

मेंदूविकाराच्या डॉक्टर पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी डोक्याला तारा लावून आलेख काढला, तपासण्या केल्या आणि मग आईबाबांना समोर बसवून सरळ सांगितले.

"हे औषध फिट बरी करत नाही. अडवून धरतं. अडवून धरणं फार मोठी गोष्ट आहे, कारण मूल रस्त्यात पडू शकतं, पाण्यात पडू शकतं, आणि एखादी फिट लांबली तर जिवावर बेतू शकतं. दोन वर्षं एकही आली नाही तर हळूहळू काढून बघू. बऱ्याच मुलांची सुटतात औषधं."

"आणि औषधाचं?" बाबांनी विचारले.

"झोप येईल. चिडचिड होऊ शकते. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी मला फोन. यकृतासाठी, रक्तासाठी अधूनमधून तपासणी करावी लागेल. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदम बंद करायचं नाही. कधीच नाही. पाच मिनिटांच्या वर फिट चालली तर हा नाकातला फवारा मारायचा आणि मुलीला इथं आणायचं."

पातळ औषधाची बाटली आली. तिच्यावर मापाचे पारदर्शक झाकण, झाकणावर चार रेघा: अडीच, पाच, साडेसात, दहा मिलिलिटर. सुरुवात अडीचने झाली. फिट आली. दिवसातून दोनदा पाच केले. पुन्हा आली, पण छोटी. साडेसात केले आणि फिट थांबल्या. पहिला महिना गेला, दुसरा गेला, असे नऊ महिने गेले.

औषध द्यायचे काम आईचे. कपाटाच्या दाराला आतून तिने तक्ता चिकटवला होता आणि सकाळ-संध्याकाळ तिथे फुली मारली जाई. प्रत्येक नव्या बाटलीबरोबर नवे झाकण येई, पण ती पहिल्याच बाटलीचे झाकण धुऊन वापरी. "हाताला सवय झालीय," ती म्हणे. "माप बदललं की हात गोंधळतो." मिलिग्रॅमला ही शिस्त आवडत असे. नवी झाकणे तो उगाचच एका डब्यात ठेवून देई, कारण कोणतेही माप फेकून देणे त्याच्या हातून होत नसे.

फिट थांबल्या, त्याबरोबर आणखीही काही थांबले. बटण दुपारी शाळेच्या बाकावर डोके टेकून झोपू लागली. ती कोडी घालीनाशी झाली. घरात कोणी विनोद केला की सगळे हसून झाल्यावर, गप्पा पुढे सरकल्यावर ती एकटीच हसे. आणि ते उशिरा आलेले हसू ऐकून बाबा हातातले काम थांबवून तिच्याकडे पाहत. वर्गबाईंनी प्रगतीपुस्तकात लिहिले, "यंदा पुष्कळ शांत झाली आहे." हे कौतुक होते.

"शांत," आई पुस्तक मिटत म्हणाली. "आमची. बाईंनी दुसऱ्याच कोणाच्या पुस्तकात लिहायचं ते हिच्यात लिहिलं असेल."

"डॉक्टरांना सांगू या."

"सांगितलं की मागच्या खेपेला. त्यांनी विचारलं, फिट आली का? नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग उत्तम. दारात पुढची चौदा माणसं उभी होती." थोडे थांबून ती म्हणाली, "पडत नाही ना ती? मग झोपेना का."

हा वाद दोघांत अनेकदा झाला आणि तो कधीच पूर्ण झाला नाही. दोघांपैकी कोणालाही घरात स्वस्थ बसता येत नसे. स्वयंपाकघरात वाटी पडली तरी दोघांच्या माना एकदम मुलीकडे वळत. ती न्हाणीघरात गेली की आई बाहेरून बोलत राही आणि उत्तर यायला जरा वेळ लागला की बाबा दाराशी जाऊन उभे राहत. पहारा देणाऱ्याला शत्रू दिसत नसला म्हणजे तो अधिकच थकतो. नऊ महिन्यांत मिलिग्रॅम इतका थकला होता की कोणीतरी एक गुन्हेगार सापडावा, अशी त्याच्या मनाची अवस्था झाली होती.

एका रविवारी सकाळी त्याला तो सापडला. आईने धुऊन ठेवलेले जुने झाकण पुसताना त्याने ते सहज डब्यातल्या एका नव्या झाकणात बसवले. दोन्ही एकाच कारखान्याची, एकाच आकाराची, एकात एक चपखल बसणारी. पण रेघा जुळल्या नाहीत. जुन्या झाकणावरची साडेसातची रेघ नव्याच्या रेघेपेक्षा वर होती. त्याने दुसरे नवे झाकण घेतले, तिसरे घेतले. नव्या सगळ्यांच्या रेघा एकमेकींशी जुळत होत्या. एकट्या जुन्याच्या जुळत नव्हत्या.

सोमवारी तो झाकण खिशात घालून कार्यालयात गेला. तिथे एका बंद खोलीत, दगडी ओट्यावर, काचेच्या पेटीत एक तराजू होता, जो श्वासानेही हलत असे. तो तराजू सांभाळणाऱ्या सहकारी बाईंना सगळे काचघरवाल्या बाई म्हणत. मिलिग्रॅमने पाण्याचे तापमान पाहिले, झाकण रेघेपर्यंत भरले आणि तोलले. पाणी असे एकदा तोलून त्याचे समाधान होणार नव्हते. दहा वेळा तोलले. साडेसातच्या रेघेवर पावणेनऊ मिलिलिटर भरत होते.

"सहा भागांत एक भाग जास्त," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "नऊ महिने. रोज दोनदा."

काचघरवाल्या बाईंनी चष्मा वर केला. "म्हणून ती पोर पेंगत होती होय. डॉक्टरांना कळवा लगेच."

"काय कळवायचं? त्यांनी साडेसात सांगितलंय. आता साडेसातच दिलं जाईल."

"तसं नव्हे हो. पण..."

"मी डोस बदलत नाहीये, बाई. माप दुरुस्त करतोय."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मापाच्या बाबतीत या माणसाशी वाद घालायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

त्याच संध्याकाळी त्याने सुईच्या टोकाने जुन्या झाकणावर एक बारीक नवी रेघ कोरली आणि वरची छापील रेघ खरवडून टाकली. नवे झाकणच का पुढे केले नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. पण उत्तर त्याला माहीत होते. नवे झाकण दिसले असते तर बायकोने कारण विचारले असते, कारण सांगितले असते तर ती म्हणाली असती की आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारले असते तर डॉक्टर कदाचित नको म्हणाल्या असत्या. आपल्या निर्णयाला कोणीही नको म्हणू नये एवढ्यासाठी माणूस त्या निर्णयाला निर्णय म्हणायचेच टाळतो.

"ही रेघ कसली?" बायकोने झाकण उजेडात धरून विचारले.

"जुनी खूण पुसट झाली होती. नवी केली."

"बरं केलंत. परवा मलाही नीट दिसत नव्हती," ती म्हणाली आणि नव्या रेघेपर्यंत औषध ओतले.

दोन आठवड्यांत बटण जागी झाली. याला दुसरा शब्द नाही. ती सकाळी हाक न मारता उठू लागली. रिळे पुन्हा उंचीप्रमाणे लागली. जेवताना तिची टकळी सुरू झाली तेव्हा आई सवयीने म्हणाली, "आधी जेव. बोलू नकोस."

"जेवतेच आहे. तोंडाची ही बाजू जेवतेय, ती बाजू बोलतेय."

"आणि डोकं कुठल्या बाजूला आहे?"

"ते बाबांकडं दिलंय. वजन करायला."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "औषध अंगवळणी पडलं हिच्या. डॉक्टर म्हणाल्याच होत्या, वेळ लागेल." मिलिग्रॅम ताटाकडे पाहत राहिला. आपण किती थोडे केले आणि त्याने किती झाले, हा विचार त्याला सुखावत होता. आणि ते सुख कोणाला सांगता येत नव्हते म्हणून टोचतही होते. त्या दिवसांत तो बाजारात नेहमीपेक्षा कडक वागला. एका दिवसात अकरा वजने बाजूला काढली.

पाचव्या आठवड्यात, भर दुपारी, तो एका पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या तपासणीच्या भांड्यात पेट्रोल सोडून भांड्याच्या मानेवरची पातळी पाहत होता. पंपाच्या आवारात फोन वापरायला मनाई असल्यामुळे तो व्यवस्थापकाच्या खोलीत ठेवलेला होता. व्यवस्थापकच धावत आला.

"साहेब, घरून आहे. चार वेळा वाजला."

तो खोलीत गेला. बायकोचा आवाज एकदम सपाट होता, आणि आधीच्या फिटच्या वेळचा तो आवाज त्याला ठाऊक होता.

"बटणला आली. शाळेतून येऊन बूट काढत होती. पाच मिनिटं झाली तरी थांबेना, फवारा मारला. दहाव्या मिनिटाला थांबली. शेजारच्यांच्या गाडीतून निघालोय. तुम्ही सरळ दवाखान्यात या."

भांडे तसेच भरलेले ठेवून तो निघाला. बावीस वर्षांत असे प्रथमच झाले.

दवाखान्यात बटण कुशीवर झोपली होती. जीभ चावली गेली होती, ओठाच्या कडेला रक्त सुकले होते, एका पायात बूट तसाच होता. डॉक्टरांनी तिला तपासले, मग आईकडे वळल्या.

"ताप? जागरण? उलटी झाली होती का औषध घेतल्यावर?"

"काहीच नाही."

"डोस चुकला?"

"एकही नाही."

"रक्तात औषध किती आहे ते बघू. परवा या. ते पुरेसं असूनही फिट येत असेल तर दुसरं औषध जोडावं लागेल. ते फार हळूहळू वाढवावं लागतं, आणि पुरळाची भीती या औषधापेक्षा त्यात जास्त. उगाच घाई करणार नाही मी. पण दहा मिनिटांची फिट सोडूनही देता येणार नाही."

मिलिग्रॅम भिंतीशी उभा होता. नर्सने मुलीच्या हातातून रक्त काढले, नळीवर चिठ्ठी लावली. त्या नळीकडे तो अशा नजरेने पाहत होता जशा नजरेने दुकानदार आपल्या वजनाकडे पाहतात.

मधले दोन दिवस त्याने कसे काढले हे त्याला पुढे नीट सांगता आले नसते. कार्यालयात तो खुर्चीवर बसे आणि उठे. घरी खिडकी उघडी आणि लावी. त्याने आपली बाजू अनेक प्रकारे मांडून पाहिली. मूल वाढते तशा फिट बदलतात. औषधावर असतानाही फिट येतात, हे डॉक्टरांनीच कधीतरी सांगितले होते. साडेसात म्हणजे साडेसात. प्रत्येक वाक्य वेगळे घेतले तर खरे होते. मात्र ती सगळी वाक्ये एका पारड्यात घालूनही, "जुनी खूण पुसट झाली होती" हे दुसऱ्या पारड्यातले एक वाक्य जागचे हलत नव्हते.

आणि घरात दुसरेच काहीतरी चालू झाले होते. बायको तक्त्यासमोर उभी राहून बोटाने एकेक फुली मोजत होती.

"गेल्या बुधवारी वीस मिनिटं उशीर झाला होता," ती म्हणाली. "ते सहा परकर द्यायचे होते त्या दिवशी."

"वीस मिनिटांनी काही होत नाही."

"तुम्हाला काय माहीत? आणि शनिवारी तिनं थोडं ओघळू दिलं होतं हनुवटीवर. मी पुसलं. पुन्हा द्यायला हवं होतं का?"

"नाही गं."

"फुली आधी मारली आणि औषध द्यायचं राहिलं, असं झालं असेल का कधी? होतं ना असं? मन दुसरीकडे असतं, हात फुली मारून मोकळा होतो."

इथे बोलायचे होते. त्याने तोंड उघडलेही. तेवढ्यात आतल्या खोलीतून बटणने पाणी मागितले आणि दोघेही एकदम धावले, आणि मग ती वेळ टळली. ती टळल्याचे त्याला बरे वाटले. हे बरे वाटणे त्याने त्या क्षणी ओळखले आणि त्याला स्वतःची किळस आली. तरीही तो बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघे डॉक्टरांसमोर बसले. बटण मधल्या खुर्चीवर, पाय हलवीत. डॉक्टरांनी अहवाल टेबलावर ठेवला, जुना अहवाल शेजारी ठेवला.

"मागच्या तपासणीपेक्षा औषध बरंच खाली आलंय," त्या म्हणाल्या. मग आईकडे पाहून आवाज आणखी मऊ केला. "आई, मी रागावत नाहीये. इथं येणाऱ्या प्रत्येक घरात डोस चुकतो. कामं असतात, पाहुणे असतात. पण मला खरं कळायला हवं. चुकला असेल तर एक करायचं आणि न चुकता असं झालं असेल तर दुसरं."

बायको हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत राहिली. मग खाली पाहूनच म्हणाली, "चुकला असेल एखादा."

ज्या बाईच्या तक्त्यावर सहाशेच्या वर फुल्या होत्या आणि एकही जागा रिकामी नव्हती, ती बाई हे म्हणाली. बाजारातल्या कोणत्याही खोट्या वजनाने आजवर कोणाला आपली नजर खाली घालून असे बोलायला लावले नव्हते. मिलिग्रॅमने हे वाक्य ऐकले आणि लपण्यासाठी आपल्याकडे आता काहीही उरले नाही हे त्याला दिसले.

"नाही चुकला," तो म्हणाला. "एकही नाही. मी कमी केलं."

त्याने खिशातून झाकण काढून टेबलावर ठेवले आणि सगळे क्रमाने सांगितले: रविवार, एकात एक बसलेली झाकणे, दहा तोलणी, पावणेनऊ, सुई, खरवडलेली रेघ. सांगताना त्याने आकडे दिले, कारण आकड्यांशिवाय त्याला बोलता येत नसे. पण "खूण पुसट झाली असं हिला सांगितलं," हेही त्याच सुरात, त्याच क्रमात, न गाळता सांगितले.

डॉक्टर झाकण उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत होत्या.

"तुमचं माप बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कागदावरचा माझा आकडा चूक होता. पण बाबा, मी आकड्यावर औषध वाढवत नव्हते. मुलीकडं बघून वाढवत होते. फिट थांबली तिथं मी थांबले. तो पावणेनऊ होता हे मला माहीत नव्हतं, तिच्या मेंदूला माहीत होतं. तुम्ही मला त्या सोमवारी फोन केला असता तर मी म्हटलं असतं, बरं झालं कळलं, आता हळूहळू खाली येऊ. एकदम नाही."

"हो."

"आणि आज तुम्ही बोलला नसतात तर डोस चुकला असं समजून मी तेच चालू ठेवलं असतं, आणि पुन्हा फिट आली असती तर तिला एक नको असलेलं औषध सुरू झालं असतं." त्यांनी झाकण खाली ठेवले. थोड्या वेळाने, जरा वेगळ्या आवाजात त्या म्हणाल्या, "माझीही एक चूक आहे यात. माझ्या कागदावर फिटचा रकाना आहे. झोपेचा नाही. तुम्ही सांगितलं होतंत आणि मी 'उत्तम' म्हणून पान उलटलं."

बायको इतका वेळ नवऱ्याकडे पाहत होती. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "पुसट झाली होती, म्हणालात."

त्याने मान हलवली.

"मग आता?" तिने डॉक्टरांना विचारले. "पावणेनऊवर पेंगते, साडेसातवर पडते."

"मला कोणी विचारणार आहे का?" बटण म्हणाली.

तिघेही तिच्याकडे वळले. पाय हलवणे तिने थांबवले होते.

"सांग ना," डॉक्टर म्हणाल्या.

"फिटचं मला काही कळत नाही. मी नसतेच तिथं. नंतर जीभ दुखते आणि सगळे माझ्याकडं बघत असतात, तेवढंच. फिट तुम्हाला दिसते." ती शब्द शोधत होती, आणि या वेळी ते सापडत होते. "पण झोपेचं मला कळतं. बाई विचारतात, मला उत्तर माहीत असतं, पण ते जिना चढून येतं. येईपर्यंत दुसरं कोणीतरी सांगतं. तो जिना मला रोज दिसतो."

"म्हणजे तुला औषध नको?" आईने घाबरून विचारले.

"तसं नाही म्हटलं मी. पडायचं नाहीये मला. जिना लहान करा, असं म्हणतेय."

औषधाचा लाभ ज्यांना दिसतो आणि औषधाची किंमत जो मोजतो ती माणसे बहुधा एकच नसतात. मुलांच्या आजारात तर नसतातच. फिट न येणारा प्रत्येक दिवस आईबापांच्या पदरात पडतो आणि त्या दिवसाचा जडपणा मूल एकटे वाहते. हे त्या तिघा मोठ्यांपैकी कोणी निष्ठुर होते म्हणून नव्हते. प्रत्येक जण आपल्याला जे दिसत होते ते प्रामाणिकपणे मोजत होता, एवढेच.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "आठ," त्या म्हणाल्या. "झाकण नाही, सुई नसलेली पिचकारी. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, एक महिना. मग रक्त पुन्हा. आणि दोन रकाने. एकात फिट, ते आई लिहितील. दुसऱ्यात जिना. ते तू लिहायचं."

"आठवर फिट येणार नाही?" मिलिग्रॅमने विचारले.

"मला माहीत नाही."

"कमीजास्त किती चालेल? काही मर्यादा असेल ना, इतक्यापासून इतक्यापर्यंत..."

"मर्यादा पुस्तकात आहे, बाबा. ती फार रुंद आहे. हिची कुठं आहे ते आपल्याला हिच्याकडूनच कळणार."

बाहेरच्या लांब व्हरांड्यातून तिघे चालू लागले. बटण पुढे होती. बायको चालता चालता, समोर पाहत म्हणाली, "एखाद्याचं माप खोटं निघालं की तुम्ही काय करता?"

"नोटीस देतो. एक महिन्यानं पुन्हा तपासतो."

"हं," ती म्हणाली. "मग महिन्यानं बघू."

हे हसण्यासाठी म्हटले आहे की नाही, हे त्याला कळले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही. घरी येईपर्यंत ती त्याच्या एक पाऊल पुढे चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाटली आणि पिचकारी त्याच्यापुढे सरकवली. "तुम्ही भरा. मी बघते."

त्याने पिचकारी उभी धरून औषध ओढले, बुडबुडा टिचकी मारून वर आणला, घालवला, दट्ट्या आठच्या रेघेवर आणून ठेवला. असे काम त्याने हजारो वेळा केले होते. आज रेघ बरोबर होती, हात बरोबर होता, आणि तरीही कोणता शिक्का मारायचा हे त्याला सांगता येत नव्हते. बायकोने पिचकारी हातात घेऊन आकडा पाहिला, मग मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि परत दिली.

"बाबा, आठ बरोबर आहे का?" बटणने विचारले.

"माहीत नाही."

"तुम्हाला?" ती चकित झाली. "मग कोणाला माहीत?"

"तुला आधी कळेल. कळलं की सांग. चांगलं असो, वाईट असो. मी रागावणार नाही आणि काही लपवणार नाही."

"सांगेन," ती म्हणाली. औषध घेतले, तोंड वाकडे केले, दप्तर पाठीला लावले आणि निघाली.

दोघे दारात उभे राहिले. जिन्यावरून तिच्या बुटांचा आवाज खाली खाली जात होता: पहिला मजला, वळण, पुन्हा पायऱ्या. मग तो थांबला. रस्त्याकडचे दार उघडल्याचा आवाज अजून यायचा होता. एक क्षण दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि काही न बोलता, एकदमच, जिन्याकडे धावले.